मताचं टेल

खोली दाखवताना घरमालकांनी मला तीन गोष्टी सांगितल्या. पाणी एक दिवसाआड येतं. गच्चीवर वाळत घातलेल्या खारोड्यांना हात लावायचा नाही. आणि संध्याकाळी बँकेतून आल्यावर थोडा वेळ अमेरिका सांगायची.

दिंद्रुडात दुसरी खोली मिळाली नव्हती, म्हणून मी तिन्हींना मान डोलावली. अमेरिका हे टीव्हीवरच्या एखाद्या मालिकेचं नाव असेल असं मला वाटलं.

सगळा बाजार त्यांना आप्पा म्हणायचा. मीही म्हणायचे, पण मनात. तोंडाने मी बराच काळ त्यांना काहीच म्हटलं नाही. समोर जाऊन उभी राहायचे आणि त्यांनी वर बघायची वाट बघायचे. खाली त्यांचं हार्डवेअरचं दुकान, मागे घर, वर मी. कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, कानावर सुतारी पेन्सिल, आणि आवाज असा की तोट्या मागणाऱ्या गिऱ्हाइकाला त्यांचं उत्तर पार बसस्टँडवरूनही ऐकू यावं.

दुकानात नळ, बिजागऱ्या, पत्रे, साखळ्या, पाण्याच्या टाक्या सगळं होतं, पण त्यांचा जीव कुलपांवर. कुलूप विकताना ते गिऱ्हाइकाची अशी चौकशी करायचे, जणू मुलगी द्यायची आहे.

"कशाला पायजे कुलूप?"

"कोठीला."

"कोठीत काय हाय?"

"ज्वारी हाय, आप्पा."

"ज्वारीला हे कुलूप? लाज वाटू दे की जरा. हे ने, साधं. ते ऱ्हाऊ दे. त्याच्या लायकीचं गिऱ्हाईक येईल."

मग किल्ली दोन-चार वेळा फिरवून ते कुलूप कानाशी न्यायचे, आतला खटका ऐकायचे आणि डोळे मिटायचे. लोक गाणं ऐकताना मिटतात तसे.

अमेरिका त्यांच्या आयुष्यात कुलपामुळेच आली. पुण्याच्या मुलीने नवा मोबाइल पाठवला. कुलपांचे व्हिडिओ बघायचे म्हणून आप्पांनी मोबाइलच्या तोंडाशी तोंड नेऊन "लॉक" असं सांगितलं. मोबाइलने त्यांना अमेरिकेच्या संसदेतली एक सुनावणी लावून दिली. निवडणुकीची यंत्रं सुरक्षित कशी ठेवायची यावर सूट घातलेली माणसं एकमेकांवर ओरडत होती. भाषा आप्पांना कळली नाही, पण विषय कळला. इतकी मोठी माणसं, इतक्या मोठ्या खोलीत, कुलपावर भांडताहेत हे बघून ते भारावले. त्यांच्या बायको, म्हणजे काकू, सांगायच्या, त्या दिवशी त्यांनी दुकानात आलेल्या बाईला कढईचा कान बसवून देतानाही नजर मोबाइलवरून काढली नाही, आणि कान उलटा बसला.

इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मला इंग्रजी येतं असा त्यांचा समज होता आणि मराठी येतं असा माझा. त्या संध्याकाळांत दोन्ही समज ढिले झाले. ते मोबाइल माझ्या हातात द्यायचे आणि विचारायचे, "काय म्हनतो?" मी थोडं ऐकून हळू आवाजात काहीतरी सांगायचे. ते म्हणायचे, "मोठ्यानं, म्याडम. मला न्हाई, त्याला ऐकू जाऊ द्या."

पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "हे सिनेटर आहेत."

"शटर?"

"सिनेटर. म्हणजे आपल्याकडे राज्यसभेत जसे…"

"कळलं, कळलं. शटर. बरोबर नाव हाय. सकाळी वर, संध्याकाळी खाली. आन तेल घातलं की आवाज बंद."

यापुढे मला दुरुस्त करायला काही राहिलं नव्हतं. मी तिथे होते तोवर अमेरिकेचा कारभार शटर लोकांनीच चालवला.

हॅकचंही तसंच. निवडणूक बाहेरच्या देशाने हॅक केली असा आरोप आहे, असं मी सांगितलं. त्यांनी बराच विचार केला. "हाक मारली तर मारली," ते म्हणाले. "यांनी ओ कावून दिली?"

त्यांचा सगळ्यात जास्त राग एका लाल टायवाल्यावर होता. एका व्हिडिओत तो टेबल आपटून सांगत होता की निवडणुकीच्या सुरक्षेशी खेळ चालणार नाही. पुढच्याच व्हिडिओत त्या सुरक्षेसाठी निधी द्यायचा प्रस्ताव आला, तर त्याने विरोधात मत दिलं. मी हे सांगितल्यावर आप्पा उठून उभे राहिले. "मंजी चोर आला चोर आला म्हनून बोंब मारायची, आन कुलूप घ्या म्हनलं की खिशात हात घालायचा न्हाई. असलं गिऱ्हाईक माझ्याकडं बी येतं. मी त्याला दोरी देतो. म्हनतो, ही बांध दाराला." समोरच्या पक्षातली एक पांढऱ्या केसांची बाईही त्यांच्या मनातून उतरली होती. तिचा माणूस निवडून आला तेव्हा यंत्रं जगात चांगली होती, आणि पडला तेव्हा त्याच यंत्रांत बिघाड होता. "तेच मशीन, तेच गाव. आपला आला की मशीन देव, दुसऱ्याचा आला की मशीन भूत. हरलं तर हरलं म्हनावं की. जीभ काय गंजली काय?"

हे ते इतक्या पोटतिडकीने बोलायचे की मी एकदा धीर करून विचारलं, एवढा राग आहे तर आपल्या इथल्या राजकारणाबद्दल का नाही बोलत?

आप्पांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं. मग आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाले, "म्याडम, हितल्या मानसाबद्दल सकाळी बोललं की दुपारी त्याच्या चुलतभावाला कळतं. बीड जिल्ह्यात सगळ्यांचे चुलतभाऊ सगळीकडं हायेत. त्या लाल टायवाल्याचा चुलतभाऊ दिंद्रुडात न्हाई. मी खात्री करून घेतली."

कशी खात्री करून घेतली, हे मी विचारलं नाही.

आता माझी बदली नेकनूरला झाली आहे. तरी महिन्या-दोन महिन्यांनी त्यांच्याकडून एखादा व्हिडिओ येतो. खाली फक्त दोन शब्द असतात: काय म्हनतो. मी लिहून पाठवते. उत्तर म्हणून एक कुलपाचं चित्र येतं. ते रागाचं असतं की आभाराचं, मला अजून उलगडलेलं नाही.

दिंद्रुडात या सगळ्या अमेरिकेला एक कायमचा श्रोता होता. दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, चाचांचा फळांचा गाडा. चाचा आणि आप्पा एकाच वर्षी या बाजारात बसायला लागले होते, आणि तेव्हापासून रोज सकाळी एकमेकांच्या धंद्याची नालस्ती केल्याशिवाय दोघांची बोहणी व्हायची नाही. चाचा म्हणायचे, आप्पाचं कुलूप किल्ली नसली तरी उघडतं. आप्पा म्हणायचे, चाचाचं सीताफळ किल्ली असली तरी उघडत नाही. मग एकाच केटलीतला चहा दोघं आपापल्या बाजूला उभं राहून प्यायचे.

कागदाची भानगड अशी सुरू झाली. एका सुनावणीत एक चष्मेवाला तज्ज्ञ सांगत होता की नुसत्या यंत्रावर भरवसा ठेवू नका, प्रत्येक मताचा पेपर ट्रेल हवा. ट्रेलला मराठीत काय म्हणतात ते मला ऐनवेळी आठवेना. मी म्हटलं, "पेपर ट्रेल. म्हणजे… पेपरचा ट्रेल."

"टेल?" आप्पांचे डोळे चमकले. "कॅनॉलचं असतं ते?"

माजलगावच्या धरणाच्या खाली राहणाऱ्या माणसाला टेल हा शब्द कुणी शिकवावा लागत नाही. कालव्याचं शेवटचं टोक म्हणजे टेल, आणि टेलला पाणी पोचत नाही हे तिथलं रोजचं गाऱ्हाणं. मी ट्रेल आणि टेल वेगळे कसे ते सांगायला तोंड उघडलं, पण आप्पा पुढे निघून गेले होते.

"मंजी मताला शेपूट पायजे. हेड तितं डब्यात, टेल आपल्या हातात. मदी कुनी पानी चोरलं का न्हाई ते टेलवाल्यालाच कळतं. म्याडम, ह्यो चष्मेवाला शेतकऱ्याचा पोरगा असनार, लिहून ठिवा."

आता हे सगळं बाजारात नुसतं करमणूक म्हणून चाललं असतं. पण आप्पा स्वतः एका खुर्चीवर होते. ते आमच्या बाजारपेठेच्या व्यापारी मंडळाचे अध्यक्ष होते. मंडळाची कामं म्हणजे गुरख्याचा पगार, उन्हाळ्यात टँकर, आणि सव्वीस जानेवारीला चौकात झेंडावंदन. पहिली दोन कामं आप्पा करायचे कारण ती कुणीतरी करायला हवी होती. तिसऱ्यासाठी ते जगायचे. वर बांधलेल्या झेंड्याची दोरी अध्यक्षांनी ओढायची, झेंडा उघडायचा, फुलं पडायची, शाळेच्या मुली राष्ट्रगीत म्हणायच्या. डिसेंबर संपला की आप्पा पांढऱ्या कपड्यांना स्वतः इस्त्री करायला लागायचे. काकू म्हणायच्या, "लग्नात बी एवढी इस्त्री केली न्हवती ह्यांनी. लग्नातली धोतरं तशीच, घड्या पडलेली."

एका संध्याकाळी आप्पा पांढऱ्या केसांच्या बाईला शिव्या देत असताना चाचा पलीकडून म्हणाले, "आप्पा, एक इचारू?"

"इचार."

"तुमचं इलेक्शन कवा झालतं?"

"माझं कशाला होईल? मी बिनविरोध हाय."

"हां, तेच म्हनलं," चाचा पपईवरची माशी हाकलत म्हणाले. "तो लाल टायवाला बी असाच बोलत असंल. इलेक्शन लई महत्त्वाचं हाय, बाकीच्यांचं."

शेजारचे कापडवाले आपल्या दुकानात होते, ते हसले. मग वेल्डिंगवाला हसला. आप्पांनी हातातली तोटी खाली ठेवली. मी जिना चढायच्या बेतात होते, तिथेच थांबले.

"इलेक्शन घेतो," आप्पा म्हणाले.

"अजी नक्को आप्पा, मी मजाक केला."

"सव्वीस जानेवारीच्या आत घेतो. समद्या कुलूपबंदीत. आन तू उभा ऱ्हातो."

"मी कावून?"

"विरोधक लागतो की. माझ्याकडं दुसरा कोन हाय?"

चाचांनी आठवडाभर नको म्हटलं. आप्पा रोज जाऊन त्यांची समजूत काढायचे की लोकशाहीत माझ्याविरुद्ध उभं राहणं तुझं कर्तव्य आहे. शेवटी चाचांनी होकार दिला आणि निशाणी सीताफळ घेतली. आप्पांची अर्थात कुलूप. निवडणूक अधिकारी मी. कारण आप्पांनीच सगळ्यांना सांगितलं: "एक तर हिचं गावात कुनी पावनंरावळं न्हाई. दुसरं मंजी ही बोलत न्हाई. असा अधिकारी अमेरिकेला बी घावला न्हाई."

होकार दिल्यानंतर दोन-तीन दिवसांनी मी संत्री घ्यायला गेले तर चाचांनी इकडेतिकडे बघून विचारलं, "बेटी, वो झेंडा वरच बांधून ठिवलेला असतो का खालून चढवायचा असतो?" मी म्हटलं, वर बांधलेला असतो. त्यांनी मान हलवली आणि एक संत्रं जास्त टाकलं. तेव्हा मला कळलं की ही निवडणूक आता एकट्या आप्पांची राहिलेली नाही.

मतपत्रिका लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून छापून आल्या. त्याने सवयीने वर गणपती काढला होता आणि खाली "आमच्या येथे श्रीकृपेकरून निवडणूक योजिली आहे" असं लिहिलं होतं. आप्पांना ते आवडलं. कागदाच्या वरच्या भागात कुलूप आणि सीताफळ. मध्ये टिंबांची रेघ. रेघेखाली लांब शेपटी, तिच्यावर पुन्हा कुलूप आणि सीताफळ. मतदाराने एक शिक्का वर मारायचा, एक टेलवर. वरचा कागद डब्यात टाकायचा, टेल फाडून घरी न्यायचं. उद्या कुणी चोरी झाली म्हटलं तर सगळ्यांनी टेलं आणायची आणि मोजायची.

"पण मग कुणी कुणाला मत दिलं ते टेलवरून कळेल," मी म्हटलं.

आप्पा एका माणसाला बैलाची साखळी मोजून देत होते. "हां, हां," ते म्हणाले. थोड्या वेळाने साखळी गुंडाळत म्हणाले, "काय म्हनलात?" तोवर माझा धीर संपला होता. मी म्हटलं, काही नाही, छान झालंय. हे वाक्य मी आयुष्यात फार ठिकाणी वापरलं आहे.

मतदान आप्पांच्या गोदामात झालं. गुप्ततेसाठी त्यांनी एक मोठी प्लास्टिकची पाण्याची टाकी आडवी टाकली होती. मतदाराने वाकून आत शिरायचं, शिक्के मारायचे, मागे मागे सरकत बाहेर यायचं. आत काही बोललं की घुमायचं. त्यामुळे कापडवाले आत जाऊन स्वतःशीच "आता कुनाला द्यावं?" म्हणाले, ते सबंध गोदामाने ऐकलं.

डबा म्हणजे तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा, वर झाकणाला कोयंडा, त्याला दुकानातलं सगळ्यात भारी कुलूप. ज्वारीवाल्याला नाकारलेलं तेच. दोन किल्ल्या होत्या. "दुसरी किल्ली असनं मंजीच चोरी," असं म्हणून आप्पांनी सगळ्यांसमोर दुसरी कानशीने घासून सपाट केली. मग पहिलं मत त्यांनी स्वतः दिलं. एका हातात घडी घातलेला कागद आणि किल्ली, दुसऱ्या हाताने सगळ्यांना नमस्कार. कागद फटीतून आत गेला. त्याच्या पाठोपाठ खळ्ळ असा आवाज झाला.

आप्पांनी रिकामा हात बघितला, डबा उचलून हलवला. आत खुळखुळ वाजलं.

"लई सुरक्षित हाय आता," चाचा म्हणाले.

मतदान संपल्यावर वेल्डिंगवाल्याने कटर आणलं. ठिणग्या उडाल्या, पातं लाल झालं, कुलपावर ओरखडाही उठेना. मला वाटलं होतं आप्पा खजील होतील. ते हाताची घडी घालून असे उभे होते, जसे वडील मुलाच्या बक्षीस समारंभाला उभे राहतात. "दुसरं पातं लाव," ते म्हणाले. "बघा. बघून घ्या. ह्या मॉडेलचे दोनच नग ऱ्हायलेत." दोन्ही नग तिथल्या तिथे विकले गेले, आणि एक तर चाचांनी घेतला. कुलूप शेवटपर्यंत तुटलं नाही. वेल्डिंगवाल्याने कंटाळून डबा उलटा केला आणि तळाचा पत्रा कापला. तो पापडासारखा निघाला.

आप्पा कुलपाकडे बघत राहिले, मग तळाच्या भोकाकडे. "अमेरिकेला कळवाय पायजे हे," ते पुटपुटले.

मी कागद उलगडले, दोन ढीग केले, मोजले, पुन्हा मोजले. मग म्हटलं, "सीताफळ."

"मोठ्यानं, म्याडम."

"सीताफळ. तीन मतांनी."

आप्पांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू भाषांतरात काहीतरी चुकलं असावं. "नीट वाचा," ते म्हणाले. पण ते चित्र होतं. नीट वाचण्यासारखं त्यात काही नव्हतं.

आधी कापडवाले पुढे आले. त्यांनी आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला आणि खिशातून टेल काढलं. "आप्पा, मी तर तुमालाच दिलतं. ह्ये बघा." टेलवर कुलपावर शिक्का होता. मग वेल्डिंगवाल्याने काढलं. कुलूप. चहावाल्याने काढलं, मेडिकलवाल्याने काढलं, पिठाच्या गिरणीवाल्याने काढलं. कुलूप, कुलूप, कुलूप. टेबलावर टेलांचा ढीग झाला. डब्यात आप्पा तीन मतांनी पडले होते आणि टेबलावर ते जवळजवळ एकमताने निवडून आले होते.

मला कळायला थोडा वेळ लागला. डब्यातला कागद कुणाचा ते कुणाला कळणार नव्हतं. टेल मात्र आप्पांना दाखवायचं होतं, आणि आप्पांशी रोजची गाठ होती. वर शिक्का सीताफळावर, खाली कुलपावर. हे कुणी ठरवून केलं नव्हतं. ज्याने केलं त्या प्रत्येकाला एकट्यालाच सुचलं होतं.

चाचांनीही आपलं टेल टेबलावर ठेवलं. कुलूप. "आप्पा, मी बी तुमालाच दिलं. खुदा की कसम." यावर सगळे खदखदून हसले. मला अजूनही वाटतं, निदान तेवढं एक टेल तरी खरं असावं.

हसणं थांबलं आणि कापडवाले म्हणाले, "आप्पा, मंजी चोरी झाली."

"झालीच की," वेल्डिंगवाला म्हणाला. "डबा खालून कापलेला हाय."

"तूच कापलास बे."

"म्हनूनच सांगतो ना."

बघता बघता सगळे बोलायला लागले. पुरावा टेबलावर आहे, फेरनिवडणूक घ्या, हे काही खरं नाही. ज्यांनी सीताफळावर शिक्का मारला असणार असं मला वाटत होतं त्यांचेच आवाज सगळ्यात मोठे होते, हे मी तिथे उभी राहून, अधिकारी म्हणून, बघत होते. चोरी हा शब्द दुसऱ्यांदा आला तेव्हा चाचा हळूच बाहेर पडले आणि रस्ता ओलांडून आपल्या गाड्यामागे जाऊन उभे राहिले. एक-दोघं वळून त्यांच्याकडे बघायला लागले. त्या बघण्यात थट्टा नव्हती.

आप्पा टेलांचा ढीग दोन्ही हातांत धरून बसले होते. सव्वीस जानेवारी पुढच्या आठवड्यात होती. मागच्या दाराला त्यांचा इस्त्रीचा सदरा टांगलेला दिसत होता. त्यांनी एक शब्द काढला असता तर बाजाराने त्यांना खांद्यावर घेतलं असतं.

"म्याडम," ते म्हणाले, "हरल्यावर शटर लोक काय करत्यात?"

"ओरडतात," मी म्हटलं.

"समदे?"

"सगळे नाही. काहीजण जिंकलेल्याला फोन करतात. हरलो म्हणून सांगतात, अभिनंदन करतात. तशी पद्धत आहे तिथे."

"फोनच करायचा?"

"हो. फोनच."

आप्पांनी टेलं खाली ठेवली, दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहिले आणि फोन लावला. रस्त्यापलीकडे चाचांचा खिसा वाजायला लागला. चाचांनी फोन काढला, त्याच्याकडे बघितलं, मग समोर बघितलं.

"आप्पा, समोरच हाव की मी. बोला ना."

"फोन उचल," आप्पा ओरडले. "हे फोनवरच असतं."

चाचांनी उचलला.

"हॅलो. कोन बोलतंय?"

"मीच. तुमीच लावला ना, आप्पा?"

"इचारावं लागतं." आप्पांनी घसा साफ केला. "मी बाजारपेठ व्यापारी मंडळाचा माजी अध्यक्ष बोलतोय." त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "डबा माझा हुता, कुलूप माझं, टेल माझं. इलेक्शन बरोबर झालं. चोरीबिरी काय न्हाई. तू आलास. मी हरलो. अभिनंदन."



"आप्पा," चाचा म्हणाले, "झेंड्याचं तुमीच करा ना. मला काय त्यातलं…"

"जमत न्हाई म्हनायचं न्हाई आता. ऐक. दोरी डावीकडनं ओढायची न्हाई, कप्पीत अडकती. उजवीकडनं ओढायची."

"कंच्या उजवीकडनं? माझ्या का झेंड्याच्या?"

यावर बराच खल झाला. दोघंही फोन कानाला लावून, दुसऱ्या हाताने हवेत दोऱ्या ओढत, कुठे तोंड केलं की कुठली उजवी ते एकमेकांना दाखवत होते. मध्ये माजलगावची एसटी आली तेव्हा दोघंही बोलायचे थांबले, कारण दिसेनासं झालं होतं. एसटी गेल्यावर पुन्हा सुरू झाले.

फोन ठेवल्यावर आप्पा आत आले. "आपापलं टेल उचला," ते म्हणाले. "घरी नेऊन नीट ठिवा. कुलूप लागलं तर साधं देतो." लोक आपापलं टेल शोधायला लागले. पण सगळी टेलं सारखीच होती, त्यामुळे ज्याला जे मिळालं ते घेऊन जो तो गेला.

सव्वीस जानेवारीला चाचा नवी टोपी घालून खांबाशी उभे राहिले. आप्पा इस्त्रीच्या कपड्यांत पण मागे, व्यापाऱ्यांच्या रांगेत. शाळेच्या मुली तयार होत्या. चाचांनी दोरी ओढली. झेंडा हलला, उघडला नाही. त्यांनी पुन्हा ओढली. वरचं गाठोडं तसंच. सगळ्यांनी माना वळवून आप्पांकडे बघितलं. दहा पावलं पुढे जाऊन ते हात लावू शकले असते, कुणी अडवलं नसतं. ते जागचे हलले नाहीत. त्यांनी खिशातून मोबाइल काढला.

चाचांचा खिसा वाजला. त्यांनी एका हातात दोरी धरून दुसऱ्या हाताने फोन कानाला लावला.

"तुझ्या उजवीकडनं," आप्पा म्हणाले. आम्हाला ते दोनदा ऐकू आलं, एकदा त्यांच्या तोंडून आणि एकदा चाचांच्या फोनमधून.

झेंडा उघडला. फुलं चाचांच्या टोपीवर पडली, मुलींनी राष्ट्रगीत सुरू केलं, आणि आप्पांनी मोबाइल हातात तसाच धरून सलामी दिली.